बँकेची वागणूक आणि शेतकऱ्याचे लेखी हक्क : काही देशांचा अनुभव

कर्जाचा अर्ज नाकारला गेला, तर त्याचे कारण लेखी मिळावे, अशी मागणी ग्रामीण भागातील बँक शाखेत क्वचितच ऐकू येते. ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर विषय संपतो आणि शेतकरी दुसऱ्या दाराकडे वळतो. पुष्कळदा ते दार खासगी सावकाराचे असते. प्रत्यक्षात कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. प्रारंभी लहान कर्जांपुरती असलेली ही तरतूद २००७ पासून सर्व प्रकारच्या कर्जांना लागू झाली. म्हणजे हक्क आहे. तो मागितला जात नाही, इतकेच.

बँक ग्राहकाशी कशी वागते, हा प्रश्न सामान्यतः सौजन्याचा मानला जातो. शाखाधिकारी चांगला असेल तर काम होते, नसेल तर अडते, अशी समजूत असते. वेगवेगळ्या देशांतील शेतीकर्जाचा इतिहास पाहिला, तर निराळे चित्र दिसते. जेथे शेतकऱ्याला बरी वागणूक मिळाली, तेथे ती तीन गोष्टींमुळे मिळाली : बँकेच्या मालकीत कर्जदाराचा वाटा, बँकेवर बंधनकारक असलेले लेखी नियम आणि ते नियम वापरण्यास शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहणारे जाणते माणूस. यांपैकी तिसरी गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांच्या थेट आवाक्यातील आहे. म्हणून कर्ज देताना, कर्जाची किंमत सांगताना, हंगाम बुडाल्यावर आणि वसुली करताना निरनिराळ्या देशांतील बँका कशा वागल्या, याचा येथे विचार केला आहे.

कर्ज देताना : ओळख, तारण आणि नकाराचे कारण

लहान शेतकऱ्याला कर्ज देण्यात बँकेपुढे दोन अडचणी असतात. त्याची पत जोखण्यास लागणारी माहिती बँकेजवळ नसते आणि कर्जाची रक्कम लहान असल्याने ती माहिती मिळवण्याचा खर्च परवडत नाही. या अडचणीवरचा पहिला टिकाऊ तोडगा जर्मनीत निघाला. फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) हे ऱ्हाइन प्रांतातील लहान गावांचे नगराध्यक्ष होते. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्यांनी वायरबुश येथे धान्य व पाव पुरवणारी संस्था उभी केली. सधनांच्या दानावर चालणारे काम टिकत नाही, हे अनुभवाने पटल्यावर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्यांनी स्वसाहाय्यावर आधारलेली पतसंस्था स्थापन केली.

तिची रचना साधी होती. कार्यक्षेत्र लहान, म्हणजे सभासद एकमेकांना ओळखणारे. संस्थेच्या देण्याची अमर्यादित जबाबदारी सर्व सभासदांवर. व्यवस्थापन बहुतांशी विनावेतन. प्रत्येकास एक मत आणि नफ्याचा मोठा भाग राखीव निधीत. तारण म्हणून जमिनीच्या कागदापेक्षा माणसाची गावातील पत आणि कर्जाचा उत्पादक हेतू यांना महत्त्व मिळाले. शेजाऱ्याने कर्ज बुडवल्यास भुर्दंड आपल्यावर येणार, हे माहीत असल्याने कर्ज देण्यापूर्वीची चौकशी खरी होत असे. ग्राहक आणि मालक एकच असल्याने वागणुकीचा प्रश्नही वेगळा उरत नसे. नेदरलँड्समधील राबोबँकेचे मूळ याच परंपरेत आहे; तेथील दोन शेतकरी-बँक संघ १९७२ मध्ये एकत्र येऊन ती बनली.

भारताचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील या पतसंस्थांचा अभ्यास करून १८९० च्या दशकात अहवाल दिला आणि पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. मात्र जर्मनीत गावाच्या गरजेतून वर आलेली रचना भारतात सरकारी निबंधकाच्या देखरेखीखाली वरून खाली आली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या समितीने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्याला जवळजवळ अर्धशतक लोटल्यावरही १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास असल्याचे त्यात दिसून आले. संस्थेचे नाव सहकारी असणे आणि सभासदाने तिच्यात मालक म्हणून वागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा आजच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या वार्षिक सभेलाही लागू पडतो.

बांगलादेशात दुसरा मार्ग निघाला. प्रा. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये चितगावजवळील जोब्रा गावात सुरू केलेल्या प्रयोगातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक हा स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेला उपक्रम उभा राहिला. कर्जदाराने बँकेत यावे, ही रीत तिने उलटी केली. कर्मचारी गावात जाऊन आठवड्याच्या बैठकीत व्यवहार करू लागले. तारण नाही, पाच जणींचा गट आणि लहान हप्ते, हे तिचे सूत्र होते. तिच्या कर्जदारांत स्त्रियांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. नावावर जमीन नसलेल्या स्त्रीला ग्राहक मानणे, हाच तिच्या वागणुकीतील मोठा बदल होता.

अमेरिकेने कायद्याचा मार्ग धरला. समान पतसंधी कायदा १९७४ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. लिंग, वैवाहिक स्थिती, वंश, धर्म, वय अशा कारणांवरून कर्जात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय कळवणे आणि नकार दिल्यास कारणे देणे, किंवा ती मागण्याचा हक्क अर्जदारास कळवणे, कर्जसंस्थेवर बंधनकारक झाले. स्त्री स्वतःच्या बळावर कर्जास पात्र असेल, तर पतीची सही मागता येत नाही.

तरीही केवळ कायदा पुरेसा ठरला नाही. अमेरिकी कृषी विभागाच्या कर्ज योजनांत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे अर्ज रखडवले व नाकारले गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे साचत गेल्या, कारण तक्रारींची चौकशी करणारी यंत्रणाच १९८० च्या दशकात मोडकळीस आणली गेली होती. ‘पिगफर्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि शेतकऱ्यांना एकूण एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. तोवर अनेकांच्या जमिनी गेल्या होत्या. नियम असला, तरी तक्रार नोंदवून घेणारे आणि तिचा निकाल लावणारे कार्यालय नसेल, तर तो नियम कागदावरच राहतो.

कर्जाची किंमत : आकडा छोटा, भार मोठा

केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल सेवेने ग्रामीण भागात पैसे पाठवणे अतिशय सोपे केले. त्यानंतर २०१२ मध्ये एका व्यापारी बँकेच्या साहाय्याने एम-श्वारी ही बचत व कर्ज सेवा आली. फोनवरून काही क्षणांत मिळणारे कर्ज ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय होती. प्रारंभी या कर्जावर ३० दिवसांसाठी ७.५ टक्के एकरकमी शुल्क आकारले जाई. १,००० शिलिंग घेतले, तर महिन्याने १,०७५ परत करायचे. हा आकडा सौम्य वाटतो; पण तेच कर्ज दरमहा नव्याने घेत राहिल्यास वर्षभरात मुद्दलाच्या ९० टक्के रक्कम शुल्कापोटीच जाते. चार-सहा महिन्यांनी हाती येणाऱ्या पिकासाठी असे तीस दिवसांचे कर्ज अयोग्यच ठरते.

व्याजावर कायद्याने मर्यादा घालण्याचा उपायही केनियाने करून पाहिला. मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा चार टक्क्यांहून अधिक व्याज आकारता येणार नाही, असा कायदा २०१६ मध्ये झाला. त्याचा परिणाम अपेक्षेविरुद्ध गेला. जोखीम भरून निघत नसल्याने बँकांनी लहान कर्जदारांना कर्ज देणेच कमी केले आणि पैसा सरकारी रोख्यांकडे वळवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही मर्यादा रद्द झाली. दर बांधून देणे आणि कर्ज उपलब्ध करून देणे, यांचा मेळ घालावा लागतो, तो असा.

भारतात हा मेळ सरकारी अर्थसाहाय्याने घातला जातो. किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जावर व्याज सवलतीमुळे शेतकऱ्याला ७ टक्के दर पडतो आणि वेळेत परतफेड केल्यास आणखी ३ टक्के सवलत मिळून तो ४ टक्के होतो. वर्षभरासाठी एक लाख रुपये घेतले, तर वेळेत फेडणाऱ्यास सुमारे ४,००० रुपये व्याज पडते. मुदत चुकली, की ३,००० रुपयांची सवलत हातची जाते. म्हणून मुदतीची नेमकी तारीख ठाऊक असणे हीच कर्जाची किंमत कमी करण्याची पहिली पायरी होय.

याच ठिकाणी ‘नवे-जुने’ करण्याची प्रथा तपासून पाहणे आवश्यक आहे. हाती पैसा नसताना जुने कर्ज भरून नवे उचलण्यासाठी शेतकरी काही दिवसांकरिता खासगी रक्कम उभी करतो. त्या चार-आठ दिवसांसाठी मोजलेली रक्कम वाचवलेल्या व्याज सवलतीशी ताडून पाहिली, तर व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे लगेच कळते. पीक हाती येण्याचा काळ आणि परतफेडीची तारीख जुळत नसेल, तर त्या तारखेविषयी शाखेशी आधीच बोलणे अधिक हिताचे ठरते.

मुदत कर्जाच्या बाबतीत भारतात अलीकडे एक उपयुक्त साधन उपलब्ध झाले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी बँकांनी ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ देणे आवश्यक आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा हप्ता अशा सर्व आकारांसह कर्जाचा एकत्रित वार्षिक दर त्यात ग्राहकाला समजेल अशा भाषेत दिलेला असतो. दोन बँकांच्या कर्जांची तुलना जाहिरातीतील व्याजदरावरून न करता या एका आकड्यावरून करावी.

हंगाम बुडाल्यावर : बँकेची खरी कसोटी

पीक चांगले असताना सर्वच बँका चांगल्या असतात. वागणुकीची परीक्षा हप्ता थकल्यावर होते. या बाबतीत अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा अनुभव विशेष बोलका आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकात जमिनीचे भाव चढत होते आणि त्या भावांच्या आधारे शेतकऱ्यांना भरघोस कर्ज दिले गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी व्याजदर चढे राहिले, शेतमालाचे भाव पडले आणि जमिनीच्या किमती कोसळल्या. १९१६ च्या कायद्यातून उभी राहिलेली, कर्जदार शेतकऱ्यांच्याच मालकीची ‘फार्म क्रेडिट’ व्यवस्थाही संकटात सापडली. मालकी कर्जदारांची असली, तरी संकटात संस्था स्वतःला वाचवण्यासाठी कर्जदाराशी कठोरपणे वागू शकते, हे तेव्हा दिसले. संसदेने १९८७ चा कृषी पत कायदा करून या व्यवस्थेला आर्थिक आधार दिला आणि त्याबरोबर कर्जदारांचे हक्क लिहून ठेवले.

त्यातील मुख्य तरतूद हिशेबाची आहे. कर्जाचे पुनर्गठन करण्याचा खर्च आणि जमीन जप्त करून विकण्याचा खर्च यांची तुलना संस्थेने केली पाहिजे. पुनर्गठनाचा खर्च जप्तीच्या खर्चाइतका किंवा त्याहून कमी असेल, तर पुनर्गठनच केले पाहिजे. जप्तीची कारवाई सुरू करण्यापूर्वी किमान ४५ दिवस आधी, कर्ज पुनर्गठनास योग्य असू शकते, हे शेतकऱ्याला कळवावे लागते. नकार मिळाल्यास त्याला पुनर्विलोकन समितीकडे दाद मागता येते. अखेर जमीन गेलीच, तर ती विकत वा भाड्याने घेण्याची पहिली संधी पूर्वीच्या मालकाला मिळते. येथे बँकेकडून दयेची अपेक्षा केलेली नाही. जप्तीची घाई बँकेलाही महाग पडते, हे तिच्याकडून लेखी सिद्ध करून घेतले जाते. याच काळात मिनेसोटा व आयोवा या राज्यांनी शेतकरी आणि कर्जसंस्था यांच्यात मध्यस्थीची व्यवस्था कायद्याने उभी केली.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९९४ मध्ये शेतीकर्ज मध्यस्थी कायदा केला. शेतीकर्जाच्या वसुलीसाठी जमीन वा अवजारे ताब्यात घेण्यापूर्वी बँकेने शेतकऱ्याला मध्यस्थीचा हक्क असल्याची सूचना दिलीच पाहिजे. शेतकऱ्याने मध्यस्थी मागितली, तर ती पार पडेपर्यंत कारवाई थांबते. मध्यस्थ त्रयस्थ असतो. तो निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना कागदपत्रांसह समोरासमोर बसवतो. व्हिक्टोरियाने २०११ मध्ये आणि क्वीन्सलँडने २०१७ मध्ये असेच कायदे केले. न्यायमूर्ती केनेथ हेन यांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१९ मधील अंतिम अहवालात ही व्यवस्था देशभर लागू करण्याची शिफारस केली. दुष्काळ किंवा अन्य नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागातील शेतीकर्जावर दंडव्याज आकारू नये आणि अडचणीतील शेतीकर्जे शेतीची जाण असलेल्या अधिकाऱ्यांनी हाताळावीत, असेही आयोगाने सांगितले. दंडव्याजाविषयीचे बंधन पुढे बँकांच्या आचारसंहितेत आले.

या देशातील आणखी एक सोय लक्ष वेधून घेते. सरकारी निधीतून चालणारी ग्रामीण वित्त समुपदेशन सेवा शेतकऱ्याला विनामूल्य मिळते. समुपदेशक शेताचा जमाखर्च मांडण्यास मदत करतो, बँकेची पत्रे समजावून सांगतो आणि मध्यस्थीच्या तयारीत शेतकऱ्याला साथ देतो. बँकेच्या बाजूला वकील व लेखापाल असताना शेतकऱ्याच्या बाजूला निदान एक जाणता माणूस असावा, हा त्यामागील विचार आहे.

बांगलादेशच्या ग्रामीण बँकेलाही हाच धडा संकटातून मिळाला. सर्वांना एकच साचा, दर आठवड्याला ठरलेला हप्ता आणि कोणतीही सवलत नाही, अशी तिची मूळ पद्धत होती. १९९८ च्या प्रदीर्घ पुरानंतर असंख्य कर्जदारांना हप्ते झेपेनासे झाले. बँकेने २००१-०२ मध्ये आपली पद्धत नव्याने आखली. अडचणीतील कर्जदाराला हप्ता लहान करून मुदत वाढवून घेण्याचा मार्ग त्यात देण्यात आला. परतफेडीची शिस्त आणि परतफेडीची लवचीकता एकमेकींच्या विरोधी नाहीत, हे त्या बँकेने स्वतःच मान्य केले.

वसुली : मागण्याचा हक्क आणि मागण्याची रीत

कर्ज वसूल करणे हा बँकेचा हक्क आहे. परंतु त्याची रीत मर्यादेत असावी लागते. केनियात मोबाइल कर्जांबरोबर एक अपप्रवृत्ती फोफावली. फोनमधील संपर्क यादी मिळवून कर्जदाराच्या नातेवाइकांना व मालकाला संदेश पाठवले जात. २०२२ च्या नियमांनी अशा कर्जसंस्थांना मध्यवर्ती बँकेचा परवाना आवश्यक केला आणि धमकी, अर्वाच्य भाषा व संपर्क यादीचा असा वापर यांना मनाई केली. भारतात रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी डिजिटल कर्जांच्या ॲपना ग्राहकाच्या फोनमधील संपर्क यादी, छायाचित्रे व कॉलची नोंद पाहण्यास प्रतिबंध केला.

सूक्ष्मकर्जाच्या क्षेत्रात भारताने याहून कटू अनुभव घेतला आहे. आंध्र प्रदेशात एकाच कुटुंबाला अनेक संस्थांनी कर्जे दिली, वसुलीचा तगादा असह्य झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. त्यानंतर परतफेडच थांबली आणि संस्था व कर्जदार दोघेही अडचणीत आले. आज २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मकर्ज मानले जाते. त्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर संपर्क साधता येत नाही. इतर कर्जांसाठी ही वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ७ अशी आहे.

भारतातील शेतकऱ्याच्या हाती काय आहे

लेखी हिशेबाचा हक्क आपल्याकडे नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या उठावात शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जाच्या मूळ व्यवहारापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याची मुभा दिली आणि कर्जदाराला पावती व खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. त्या काळच्या तंट्याचे मूळ व्याजाइतकेच न दिसणाऱ्या हिशेबातही होते.

आजच्या तरतुदींपैकी सर्वांत मोलाची, पण पुष्कळ शेतकऱ्यांना अपरिचित अशी तरतूद नैसर्गिक आपत्तीतील पुनर्गठनाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्यास कर्जाच्या पुनर्गठनाची सोय आहे. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल, तर परतफेडीस कमाल दोन वर्षे आणि ५० टक्के वा अधिक असेल, तर कमाल पाच वर्षे मिळू शकतात. पहिले वर्ष सामान्यतः हप्त्याविना असते. अल्पमुदत पीककर्ज मुदत कर्जात बदलले जाते आणि पुढील हंगामासाठी नवे पीककर्ज मिळण्याचा मार्ग खुला राहतो. मात्र आपत्तीच्या वेळी जे कर्ज आधीच थकीत होते, त्याला हा लाभ मिळत नाही. नियमित खातेदाराने पीक बुडाल्यावर गप्प बसणे म्हणजे हाती असलेली सवलत सोडून देणे होय. हे तपशील वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून चालू परिपत्रक शाखेत मागून पाहावे.

कर्जमाफी आणि पुनर्गठन यांतील फरकही समजून घेतला पाहिजे. माफी हा शासनाचा प्रसंगोपात्त निर्णय असतो आणि तिची वाट पाहताना खाते थकीत होते. पुनर्गठन ही बँकेच्या नियमांत कायम असलेली सोय आहे आणि ती खाते जिवंत ठेवते.

भारतीय नियमांतील आणखी काही तरतुदी नोंद घेण्याजोग्या आहेत. अल्प कालावधीच्या पिकांचे कर्ज दोन पीकहंगाम थकल्यावर, तर दीर्घ कालावधीच्या पिकांचे एक हंगाम थकल्यावर अनुत्पादक ठरते. इतर कर्जांसारखी ९० दिवसांची मोजपट्टी येथे लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही. मुदत चुकल्याचा दंड व्याजदरात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारण्यास २०२४ पासून प्रतिबंध आहे. कर्ज पूर्ण फेडल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न केल्यास आणि दिरंगाई बँकेची असल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

आपल्याकडे उणीव कोठे आहे, हेही तुलनेतून स्पष्ट होते. जप्तीपूर्वी मध्यस्थीचा हक्क, तसेच पुनर्गठन व जप्ती यांच्या खर्चाची लेखी तुलना, या तरतुदी आपल्या शेतीकर्जाच्या व्यवस्थेत त्या स्वरूपात नाहीत. शेतकऱ्यासोबत बँकेत बसणारा प्रशिक्षित समुपदेशक सर्वत्र उपलब्ध नाही. पहिली उणीव कायद्यानेच भरून निघेल. दुसरी काही अंशी विस्तार यंत्रणेला भरून काढता येईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे

पीक प्रात्यक्षिके आणि शेतकरी मेळावे यांच्या नियोजनात पुढील बाबींचा समावेश करता येईल.

१. कर्जाचा अर्ज दिल्यावर पोच घेण्याची सवय लावावी. प्राधान्य क्षेत्रातील कर्ज अर्जांना पोच देणे बँकेचे कर्तव्य आहे. नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे. त्यातील त्रुटी दूर करून पुन्हा अर्ज करता येतो.

२. प्रत्येक कर्जदाराने कर्जाची रक्कम, दर, परतफेडीची तारीख आणि व्याज सवलतीची अट एका कागदावर लिहून पासबुकात ठेवावी.

३. पीक नुकसान झाल्यावर विमा कंपनीला सूचना देतानाच बँकेलाही पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्यावा. सोबत पंचनाम्याची प्रत, नुकसानीची छायाचित्रे आणि पुढील हंगामाचा अंदाजे जमाखर्च जोडावा. हा जमाखर्च मांडून देणे हे कार्यकर्त्याचे सर्वांत उपयोगी काम ठरेल, कारण बँक अधिकारी निर्णय त्याच आकड्यांवरून घेतो.

४. कर्ज फेडल्यावर ना-देय दाखला घ्यावा आणि सातबारा उताऱ्यावरील बोजा कमी झाल्याची खात्री करावी. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मिळणारा विनामूल्य अहवाल पाहून फेडलेले कर्ज थकीत दाखवलेले नाही ना, हे तपासावे.

५. तक्रार प्रथम शाखेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून ही व्यवस्था एकात्मिक असून तक्रारीस शुल्क नाही. १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मिळते. गावातील प्राथमिक सोसायटी मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. तिच्याविषयी सहकार निबंधकांच्या कार्यालयाकडे दाद मागावी.

६. महिला शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र बैठक घ्यावी. त्यांच्या नावे जमीन नसली, तरी संयुक्त देयता गट आणि स्वयंसहाय्यता गट यांमार्फत कर्ज मिळू शकते, याची माहिती द्यावी.

ही कामे खरिपाच्या कर्जवाटपापूर्वी, म्हणजे मार्च ते मे या काळात हाती घेणे सोयीचे ठरते. त्या वेळी शाखेत अर्जांची गर्दी नसते, मुदतीच्या तारखा जवळ आलेल्या असतात आणि शेतकऱ्याजवळही कागद नीट लावण्यास सवड असते. एका गावातील पंचवीस कर्जदारांचे कागद या काळात तपासले, तर कोणाची तारीख चुकण्याच्या बेतात आहे, कोणाला पुनर्गठनाचा अर्ज करता आला असता आणि कोणाच्या उताऱ्यावर फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून आहे, हे पेरणीपूर्वीच स्पष्ट होईल.